मागची डावी सीट

मी गाड्यांच्या आतल्या चामड्याचं काम करते. फाटलेली सीट शिवायची, उडालेला रंग जुळवायचा, डाग काढायचे. कुकटपल्लीत माझं छोटं वर्कशॉप आहे. बावीस वर्षं हेच करते आहे. खारवलेली, केसांसकट आलेली, अर्धवट कमावलेली कातडी मी उघड्या हातांनी हाताळली आहेत. मला सहजासहजी किळस येत नाही.

एप्रिलमध्ये बरकतपुऱ्याहून कुसुमकाकूंचा फोन आला. त्यांचे यजमान एकनाथराव वसमतकर हे हायकोर्टातले जुने वकील. माझे वडील त्यांच्याकडे वीस वर्षं मुन्शी होते, म्हणून मी त्यांना काका म्हणते. मुलाने, कुलदीपने, सत्तरीनिमित्त त्यांना परदेशी बनावटीची मोठी गाडी घेऊन दिली होती. चार महिन्यांत तिला वास यायला लागला, असं काकू म्हणाल्या. शोरूमच्या माणसांनी दोनदा सगळं तपासलं, त्यांना काही सापडलं नव्हतं.

मी सकाळी दहाला पोचले. गडद निळ्या गाडीने सगळा पोर्च व्यापला होता. काका मागच्या डाव्या सीटवर बसले होते, एसी चालू होता. मला बघून त्यांना आनंद झाला आणि त्यांनी उत्साहाने गाडी दाखवायला सुरुवात केली. दार नुसतं टेकवायचं, शेवटचं बोटभर अंतर ते आपोआप आणि बिनआवाजी मिटत होतं. छतात शेकडो बारीक दिवे चांदण्यांसारखे बसवलेले. दोन्ही बाजूंचं लाकूड एकाच झाडाचं, त्यामुळे रेषा आरशातल्यासारख्या जुळत होत्या. गालिच्यात पाऊल घोट्यापर्यंत बुडत होतं. आणि सीट: मोतिया रंगाचं चामडं, त्यावर शंकरपाळ्यांच्या आकाराची हातशिवण. टाक्यांमधलं अंतर मी सवयीने बघितलं. कुठेही केसभर फरक नव्हता. इतकं सुंदर काम माझ्या हातून कधी झालेलं नाही, हे मला मान्य करावं लागलं.

मग मी आत वाकले आणि तो वास आला.

कुजल्याचा नव्हता. बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाची उशी उलटली की येतो तसा. काखेतला, तेलकट, किंचित आंबट. मी पांढऱ्या फडक्याने सीट पुसली. फडकं पिवळट आणि चिकट झालं. भिंगातून बघितलं तर चामड्यावर बारीक थेंब होते, वरच्या ओठावर घाम येतो तसे. गाडीच्या चामड्यावर रंगाचा आणि लाखेचा थर असतो, त्याची छिद्रं बंद असतात. त्यातून काही बाहेर येऊच शकत नाही. एसीचं पाणी झिरपत असेल, कधी दूध सांडलं असेल, असं मी काकूंना समजावलं. सीट दोनदा धुतली, कोरडी केली आणि परत आले. घरी साबणाने तीनदा हात धुतले, तरी जेवताना नखांशी तो वास होताच.

दहा दिवसांनी काकूंनी पुन्हा बोलावलं. या वेळी काका आंघोळीला गेलेले असताना मी गाडीत शिरले. मान टेकते त्या खोलगट जागी पांढरे, आखूड केस होते. काकांचे गळलेले असतील म्हणून मी चिमट्याने एक उचलायला गेले. तो उचलला गेला नाही. ओढला तेव्हा उपटून आला आणि त्याच्या टोकाला मुळाची ओली, पांढरी गाठ होती.

त्याच्याभोवतीच्या चामड्यावर काटा उभा राहिला. तळहाताएवढ्या जागेत, माझ्या डोळ्यांदेखत. मग तो हळूहळू ओसरला.

मी बाहेर येऊन कुंडीपाशी उभी राहिले. ड्रायव्हर दत्तोबा देगलूरकडचा, या घरात तीस वर्षं असलेला. तो जवळ आला आणि खालच्या आवाजात बोलू लागला. साहेब आता दिवसभर गाडीतच बसतात, पेपर तिथेच, जेवण तिथेच. कुठे जायचंय म्हणून विचारलं तर कुठेच नाही म्हणतात. सीटमध्ये पाठ रगडायची सोय होती, तिचा फ्यूज त्याने काकूंच्या सांगण्यावरून केव्हाच काढून ठेवला होता.

"तरी बी साहेब म्हणायलेत, चालूच हाय," तो म्हणाला. "तुमी हात लावून बघा, ताई. मी तर आता लावत नाही."

मी हात लावला. गाडी बंद होती. तळव्याखाली सीट कोमट होती आणि अगदी सावकाश वर येत होती, पुन्हा खाली जात होती. झोपलेल्या म्हशीच्या पोटावर हात ठेवल्यासारखं वाटलं.

काका आल्यावर मी त्यांना स्पष्टच सांगितलं की ही सीट काढून टाकायला हवी, मी दुसरी बसवून देते. ते रागावले नाहीत. आत बसले, पाठ टेकली, आणि त्यांचे डोळे अर्धे मिटले. अंगावरचा सदरा सैल झाला होता. चेहरा मात्र तुकतुकीत, सुरकुत्या पुसून टाकल्यासारखा.

"योगिनी, चाळीस वर्षं मी कोर्टातल्या लाकडी खुर्चीवर बसलो," ते म्हणाले. "हिला माझं अंग कळतं. आता उठायला सांगू नकोस."

दार आपोआप मिटलं. काचेतून त्यांचा गाल चामड्याला टेकलेला दिसत होता, आणि चामडं त्या गालाभोवती जरा वर आलेलं होतं. मी पुन्हा तिथे जायचं नाही असं ठरवलं.

जूनमध्ये काकूंचा तिसरा फोन आला. सुया आणि दोरा घेऊन ये, एवढंच बोलल्या. सीट फाटली का, असं मी विचारलं. त्यांनी फोन ठेवून दिला. मी ठरवलेलं मोडलं, कारण वडिलांच्या शेवटच्या आजारात या बाई रोज डबा घेऊन आल्या होत्या.

त्यांनी मला पोर्चमध्ये थांबू दिलं नाही, वर झोपायच्या खोलीत नेलं. सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. काका पालथे झोपले होते. काकूंनी चादर कमरेपर्यंत खाली केली.

पाठ मोतिया रंगाची होती. खांद्यापासून कमरेपर्यंत शंकरपाळ्यांच्या चौकटी, प्रत्येक चौकट मध्ये फुगीर, कडेला दाबलेली. एकही तीळ नाही, लव नाही, छिद्र नाही. डॉक्टरांनी बुरशी समजून दिलेलं मलम तसंच वर राहिलं होतं, मुरलं नव्हतं. खोलीत नव्या गाडीचा वास होता.

डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली शिवण दोन बोटं उसवली होती.

आत मांस नव्हतं. करडं, कोरडं, स्पंजासारखं काहीतरी होतं.

काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखवायची मला भीती वाटते. रोज थोडं आणखी उसवतंय. तुझ्यासारखं हे काम कुणाला येतं?"

मी वाकडी सुई काढली. दोऱ्याला मेण लावलं. जुनी भोकं तयारच होती, सुई त्यातून अलगद गेली.

"सुरू केलंस का?" काकांनी विचारलं.

मी तोवर चार टाके घातले होते.

एकूण तेरा टाके पडले. रक्ताचा थेंब आला नाही. शेवटची गाठ आत दाबली आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. सरळ, एकसारखी ओळ आली होती. क्षणभर मला ती आवडली. त्या आवडण्याची किळस मला अजून येते.

काकूंनी चादर वर ओढली. मी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि खाली आले.

दत्तोबा गाडीपासून चार पावलं लांब उभा होता. मागचं दार उघडं होतं. त्याच्या हातातलं पांढरं फडकं लाल झालं होतं.

तो म्हणाला, "सीटवर आत्ताच रगत आलं, ताई. थेंब थेंब, एका रेषेत. तेरा जागी."

त्याने फडक्याची घडी घातली, लाल बाजू आत.

"पुसायलो होतो, तर अंग चोरायली ती."