झाकणावरचा पाळणा

चिमाजी गवंड्याला गटारातून वर काढलं, तेव्हा त्याच्याच घरात त्याच्या बायकोच्या डोहाळजेवणाची पानं मांडलेली होती.

पिंपरीतल्या जुन्या लष्करी बराकींची ती वस्ती. लढाई संपली, पलटणी गेल्या आणि बराकींत कारखान्यांतल्या कामगारांनी संसार थाटले. जमिनीखालचं गटार मात्र लष्कराच्याच वेळचं, भाजक्या मातीच्या नळांचं. त्याचे सांधे सुटले होते, पिंपळाची मुळं आत शिरली होती. लोकांनी बोंब मारून मारून अखेर सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात दुरुस्ती आणवली. ज्या दुरुस्तीसाठी वस्तीने नवस बोलायचा बाकी ठेवला होता, तिनेच वस्तीतला एक तरणा माणूस गिळला.

फौजदार लक्ष्मणराव इंगवले आले तेव्हा प्रेत बाजेवर होतं आणि चिमाजीची आई सावित्रीबाई त्याच्या पायाशी बसली होती. ती रडत नव्हती. घरातून सुनेचा आवाज येत होता, तो मात्र ऐकवत नव्हता. लक्ष्मणराव बोलायला तोडके, पण अशा वेळी त्यांनाही आधी विहिरीवर जाऊन तोंड धुवावं लागलं.

मग त्यांनी मुकादमाला बोलावलं. सयाजी चिखलीचा, पन्नाशी ओलांडलेला. लष्कर होतं तेव्हापासून याच गटारावर होता. चिमाजी उस्मानाबादेकडून पोट भरायला आला, त्याला या कामावर सयाजीनेच लावलं होतं.

"आत विषारी हवा असते हे तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग काय करता उतरायच्या आधी?"

सयाजीने सांगितलं. गटाराला ठरावीक अंतरावर माणूस उतरायला तोंडं असतात. ज्या तोंडातून उतरायचं, त्याच्या वरच्या आणि खालच्या तोंडाची झाकणं आधी काढून ठेवायची, म्हणजे वारा वाहतो. मग दोरीने कंदील आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो, विझला तर थांबतो.

"आज कंदील सोडला होता?"

"सोडला. चांगला जळत व्हता."

"आणि झाकणं?"

सयाजीने मान खाली घातली. "खालचं काढलं. वरचं ऱ्हायलं, साहेब. इसरलो."

वरचं तोंड गल्लीच्या वळणापलीकडे होतं, नेमकं चिमाजीच्या दारासमोर. चिमाजी उतरला त्या तोंडाशी सयाजी बसला होता, तिथून ते दिसत नव्हतं. लक्ष्मणराव चालत गेले, मागून गर्दी. लोखंडी झाकणं कधीच भंगारात गेली होती, आता सगळीकडे फळ्या ठोकून केलेली चौकोनी झाकणं होती. हे झाकण शेणाने सारवलेलं होतं आणि त्यावर रांगोळीचा पाळणा काढला होता. पाळण्याच्या दोऱ्या झाकणाच्या कडेवरून जमिनीवर गेल्या होत्या. एकही रेघ तुटलेली नव्हती.

"बघा," गर्दीतून कुणी म्हणालं, "हात तरी लावलाय का त्या मुकादमानं झाकणाला?"

लक्ष्मणराव उकिडवे बसले. झाकणाशेजारी सकाळच्या सड्यावर एक चौकोनी काळा डाग होता, गटारातल्या राडीचा, झाकणाएवढाच. तो बघून ते उठले.

सयाजीला चौकीत नेलं. त्याने कशालाच नाही म्हटलं नाही. हयगयीने माणूस मारल्याचा गुन्हा लागेल, तुरुंगात जावं लागेल, असं सांगितलं तर म्हणाला, "लिवा साहेब. आंगठा देतो."

कबुली इतक्या सुखासुखी मिळाली की लक्ष्मणरावांना ती खरी वाटेना. त्यांनी कागद पुढे धाडला नाही.

दोन-चार दिवसांनी कोठडीत त्यांना एक पितळी डबा दिसला. पहारेकरी म्हणाला, मुकादमाला रोज दुपारी एक म्हातारी भाकरी आणून देते, पदराआड लपवून. सयाजीची बायको तर केव्हाच वारलेली, लेक कुरुळीला दिलेली. लक्ष्मणरावांनी डबा उलटा केला. बुडाशी नाव घातलं होतं: अंबूबाई.

अंबूबाई चिमाजीच्या भिंतीला भिंत लावून राहत होती. डबा बघून ती चकितच झाली.

"हा तर मी सावित्रीबाईला देते. सुतकात त्यांची चूल बंद हाय ना. म्हातारी जेवते कुठं, मला तर दिसत न्हाई."

"डोहाळजेवणाच्या दिवशी तुम्ही तिथे होता?"

"व्हते की. सकाळपासनं. ताटं वाढायची, फुलांच्या वाड्या करायच्या. त्यांच्या सुनेचं, मंजुळाचं तर काही खरं नव्हतं. त्या गटाराच्या वासानं पोरीला नुसत्या ओकाऱ्या. दुपारी जरा निवली, मग आम्ही तिला हिरवी साडी नेसवली."

"चिमाजी आत उतरणार हे घरी माहीत होतं?"

अंबूबाईने कानाला हात लावला. "त्यांच्यात बाई गरवार असली की नवरा आडात, खड्ड्यात उतरत न्हाई. चिमाजी आईला सांगून गेला, मी वरच बसून सिमिट कालवणार."

लक्ष्मणराव तिच्या ओट्यावरून उठले. शेजारच्या दाराकडे बघायचं त्यांना धैर्य होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावित्रीबाई डबा घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिला आत बोलावलं. सयाजीलाही कोठडीतून आणून बसवलं. ती दोघं एकमेकांकडे बघत नव्हती.

"मुकादम, तू विसरला नव्हतास," लक्ष्मणराव म्हणाले. "वरचं तोंड बंद असतं तर तुझा कंदील चांगला जळला नसता. आणि झाकणाशेजारी सड्यावर राडीचा चौकोन होता. झाकण काढून बाजूला ठेवल्याशिवाय तो उमटत नाही. सडा सकाळचा, डाग त्याच्यावर, म्हणजे त्या दिवशीच तू ते काढलंस. मग ते कुणीतरी परत लावलं, सारवलं आणि वर पाळणा काढला. वारा तुंबला. चिमाजीने मुळं तोडताना गाळ हलवला, हवा सुटली, तिला जायला वाट नव्हती."

लक्ष्मणरावांनी डब्याकडे बोट केलं.

"पाळणा डोहाळजेवणाचा. बायका तर त्या दिवशी दहा होत्या, कुणीही काढला असता. पण ज्याने लेक मारला असं सगळी वस्ती म्हणते, त्याला स्वतःच्या तोंडचा घास आणून घालणारी आई एकच. तिला ठाऊक होतं की तो निर्दोष आहे. आणि हे ठाऊक फक्त झाकण लावणारीलाच असणार."

सयाजीने चेहरा ओंजळीत झाकला. "चिमाजीला वर घेतलं आन् धावत वळणावर गेलो. रांगोळी बघितली आन् समजलो. साहेब, पोरगं तर गेलं. म्हातारीला जितेपणी कशाला मारू? ती उतरू नको म्हणती हे मला ठावं व्हतं. तरी मीच उतरू दिलं त्याला. ऱ्हाऊ द्या माझ्याच नावावर."

सावित्रीबाई इतका वेळ डब्याच्या कडीशी चाळा करत होती. आता ती बोलली, अगदी हळू.

"म्याच लावलं. लेकरू आत हाय हे मला ठाव नव्हतं. त्यानं मला फसवलं, म्या त्याला मारलं."

"मग इतके दिवस गप्प का राहिलात, बाई? हा माणूस तुरुंगात गेला असता."

"जाऊ दिला नसता. सून मोकळी होईस्तोवर थांबले व्हते, मग आलेच असते. साहेब, पावण्यांना वास येईल म्हनून न्हाई लावलं. मंजुळा ओकत व्हती. म्हनली, आत्या, ते झाकण लावा हो, जीव जातोय माझा. म्हनून लावलं. त्या दुपारपासनं रडतीया, तिच्या ध्यानात न्हाई ते. एक दिवस येईल. आलं की ती आडात उडी घेईल, पोटातलं घेऊन." तिने लक्ष्मणरावांचे पाय धरले. "माझं नाव लिवा. तिच्यासमोर लिवा, गल्लीतून कळण्यापरीस. वासाचं तेवढं लिवू नका."

लक्ष्मणरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. त्यांनी तिला उठवलं.

संध्याकाळच्या आत ते जबानी घ्यायला बराकीत गेले. सयाजी बाहेर उभा राहिला. मंजुळा भिंतीला टेकून बसली होती, उन्हाने आणि रडण्याने सुकलेली. सावित्रीबाईने आधी तिच्या हातात पाण्याचा गडू दिला, मग समोर बसून सगळं सांगितलं. आवाज कुठेही कापला नाही.

मंजुळा ऐकत होती. तिच्या कपाळाला आठी पडली, काहीतरी आठवू पाहणाऱ्या माणसाला पडते तशी.

"आत्या, त्या दिवशी वास येत होता ना? मी काही म्हणाले होते का तुम्हाला?"

"तू काई म्हनली न्हाईस. तू निजली व्हतीस. पावण्या नाकाला पदर लावतील, गावभर सांगतील, म्हनून म्या लावलं. माझीच हौस."

मंजुळाने फौजदारांकडे पाहिलं. "खरं का हो, साहेब?"

सयाजीचं खोटं या माणसाने एका डागावरून पकडलं होतं. खोटी जबानी त्याने सगळ्या नोकरीत कधी कागदावर घेतली नव्हती.

"खरं आहे," लक्ष्मणराव म्हणाले.

मंजुळाने हातातला गडू न पिता खाली ठेवला, सासूकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. सावित्रीबाईने तो गडू उचलून बाजूला सारला आणि अंगठा द्यायला हात पुढे केला.