पुटांखालचा आवाज

नागपूरच्या स्मृतिविज्ञान संस्थेतील ध्वनिबंद कक्षात डॉ. हेरंब मुळे आपल्या आईच्या स्मृतीतून उतरवलेले एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत बसला होता. वाक्य अगदी घरगुती होते : "सिंधे, पाणी तापलं का गं?" ते उच्चारणारे त्याचे मामा, नीळकंठशास्त्री आर्वीकर, यांना जाऊन वीस वर्षे लोटली होती. परंतु कानावर पडणारा आवाज मामांचा नव्हता.

"कितीही वेळा ऐक, तो मामांचा व्हायचा नाही," डॉ. शहनाज मुल्ला म्हणाली. स्मृतिवाचक हे यंत्र त्या दोघांनी मिळून सिद्ध केले होते. त्यामुळे एकमेकांना खोडून काढण्याचा अधिकारही दोघांना सारखाच होता. "हा काकूंचाच आवाज आहे. जरा जाड केलेला. आणि तुझ्या स्मृतीच्या ठशात तर मामा तुझ्यासारखे दर वाक्याला 'म्हणजे, म्हणजे' करतात."

"आईला काय सांगू?"

"खरं ते सांग. बाहेर बसून कंटाळल्यात त्या."

सिंधूताई चाकांच्या खुर्चीत बसून होत्या. त्यांचे हृदय आता फार दिवस साथ देणार नाही, असे वैद्यांनी स्पष्ट सांगितले होते. त्यावर त्यांनी मुलाजवळ एकच गोष्ट मागितली होती : दादाची हाक एकदा ऐकायची. मामांच्या पठणाची ध्वनिमुद्रणे कपाटभर होती, पण ती त्यांना नको होती. "मंत्र म्हणताना तो साऱ्या पाठशाळेचा असायचा," त्या म्हणत. "मला ओसरीवरून हाक मारणारा हवाय." त्या हाकेचे मुद्रण करून ठेवावे, हे कोणालाही सुचले नव्हते.

"आई, आठवण म्हणजे पेटीतलं लुगडं नव्हे, की काढलं, पाहिलं आणि घडी घालून ठेवलं," हेरंब तिच्यापुढे उकिडवा बसून म्हणाला. "मेंदू ते दर वेळी उसवतो आणि नव्याने शिवतो. शिवताना त्या दिवशी हाताशी असेल तो धागा घेतो. दर आठवणीला असं एक पुट चढतं. आमचं यंत्र ती पुटं मोजतं. तुझ्या ठशावर इतकी पुटं आहेत, की खालचं काही उरलेलंच नाही."

"म्हणजे जितकं आठवावं तितकं पुसत जातं?"

"हो."

"मग दादाला मीच पुसलं म्हण की." त्या म्हणाल्या. "आणि ज्यानं त्याला कधी आठवलंच नाही, त्याच्यापाशी तो धडधाकट असेल. काय तुमचं शास्त्र!"

त्या रागाने बोलल्या होत्या. हेरंबाला मात्र त्यातूनच वाट सापडली.

नीळकंठशास्त्र्यांचे आयुष्य जुन्या पोथ्या ताडून त्यांचा मूळ पाठ निश्चित करण्यात गेले होते. लहानग्या हेरंबाला ते 'मित्रा' म्हणत, आणि मित्राला सांगावे तसे आपल्या कामातले सारे त्याला सांगत. जी पोथी पुष्कळ हातांनी उतरवली, तीत पुष्कळ चुका. जी बासनात बांधलेली राहिली आणि कोणी सोडलीच नाही, ती मुळाच्या सर्वांत जवळची, हे सूत्र त्याला अक्षरओळख होताच मिळाले होते. आता त्याला तसा एक माणूस हवा होता, आणि तो त्याला ठाऊक होता.

दाजीशास्त्री वैशंपायन विद्यार्थी म्हणून आर्वीकरांच्या घरी आले आणि घरचेच होऊन राहिले. पुढे दोघांनी एका काव्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यातला एक श्लोक मामांनी प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसवलेला, ठरवून गाळला. लोकांच्या ओठी असलेला श्लोक गाळणे हे दाजींना पाप वाटले. शब्दाने शब्द वाढला, आणि दाजी रामटेकला निघून गेले ते कायमचे. मामांनी घरात त्यांचा विषय बंद केला. त्यानंतर दाजींचे नावच काय, पण त्यांची चालरीत, त्यांचे बोलणे, काहीही कधी त्या घरात निघाले नाही.

आईला निष्फळ आशा लागू नये म्हणून हेरंब तिला न सांगताच रामटेकला गेला.

"कोण? सिंधूचा मुलगा?" दाजींनी त्याला पायऱ्यांवरच थांबवले. "विज्ञान शिकलास ना? मग इथे काय ताकपाणी मागायला आलास?"

"मामांविषयी थोडं विचारायचं होतं."

"त्या माणसाचं नाव मी या घरात घेत नाही. श्लोकाचा गळा दाबणारा माणूस! एकतीस वर्षं झाली, एकदाही घेतलेलं नाही. विचार गल्लीत कुणालाही."

हेरंबाला आनंद लपवणे कठीण झाले. गल्लीत विचारले, तर सर्वांनी दुजोराच दिला. मग परत येऊन त्याने आईची प्रकृती आणि डोक्यावर बसवायच्या यंत्राविषयी सांगितले. दाजींनी उपरण्याचे टोक बोटाभोवती गुंडाळले.

"सिंधूनं वाढलेलं जेवलोय मी," ते शेवटी म्हणाले. "चल. पण तुमच्या टोपीला तेलबिल लागेल, आधीच सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी शहनाजने त्यांच्या पांढऱ्या शेंडीवर यंत्राची जाळी बसवली. ठसा उजळू लागला तशी तिची मुद्रा बदलत गेली. पुटे मोजणारा काटा सिंधूताईंच्या खुणेवर पोचला, ती ओलांडून गेला आणि टोकाला जाऊन अडला. पडद्यावर नीळकंठशास्त्री दिसत होते, परंतु हेरंबाने त्यांना तसे कधी पाहिलेच नव्हते. दात पडलेले, गुडघे धरून बसलेले, नव्वदीला टेकलेले. बसले होते तेही रामटेकच्या त्या ओसरीवर, जिथे हयातीत त्यांनी पाऊल ठेवले नव्हते. आणि ते तावातावाने वाद घालीत होते.

"दाजीकाका," हेरंब हळूच म्हणाला, "तुम्ही तर म्हणालात, नावसुद्धा घेत नाही."

"नाव कशाला घ्यायचं? समोर बसलेल्या माणसाला कुणी नावानं हाक मारतं का? रोज संध्या आटोपली की तो येतो. मी माझी बाजू मांडतो, तो त्याची. त्याची बाजूही मलाच बोलावी लागते, त्याला आता जोर कुठला!"

पोथ्या ताडणाऱ्याच्या भाच्याने पोथीचा नियम माणसाला लावला होता. ओठ मिटलेले आहेत, म्हणजे बासन बांधलेले आहे, असे तो धरून चालला होता.

"ठशातला आवाज आणि दाजीकाकांचा आजचा आवाज एकच आहे," शहनाजने निष्कर्ष वाचला. "पुटं पुरती चढली. हा ठसा आपल्या कामाचा नाही." पण ती उठली नाही. काही वेळाने तिने कपाटातले एक जुने मुद्रण लावले. त्यात मामा आणि तरुण दाजी जोडीने पठण करीत होते. स्वरांचे वळण दोघांचे एकच. परंतु श्वास कोठे घ्यावा आणि व्यंजनावर भार किती द्यावा, हे ज्याचे त्याचे असते, आणि यंत्र ते वेगळे काढू शकते.

"हेरंब, इकडे बघ. ठशातल्या आवाजाचे श्वास आणि भार दाजीकाकांचेच असतील, तर ते या तरुण दाजींशी जुळायला हवेत. जुळत नाहीत. मामांशी जुळतात."

"म्हणजे उलटं झालं?"

"दोन्हीकडून झालं. रोज एकाच गळ्यातून दोघं बोलले. यांचं पुट मामांच्या रूपावर चढायचं, तसं मामांचं यांच्या गळ्यावर चढलं. ठशातलं रूप मामांचं राहिलं नाही. गळा मात्र मामांचा झाला."

दाजी यातले फारसे समजून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. "सिंधू कुठं आहे?" एवढेच त्यांनी विचारले.

सिंधूताई पलीकडच्या खोलीत, पाठ दाराकडे करून, खिडकीशी बसल्या होत्या. हेरंबाने दाजींना उंबऱ्यावर उभे केले आणि काय म्हणायचे ते सांगितले. दाजींनी घसा खाकरला.

"सिंधे, पाणी तापलं का गं?"

सिंधूताई वळल्या नाहीत. "तापतंय," त्या म्हणाल्या. "जरा दम धर." मग त्यांनी मान वळवली आणि उंबऱ्यावरच्या म्हाताऱ्याकडे निरखून पाहिले. "दाजी आहेस होय! इतकी वर्षं तोंड लपवून कुठं बसला होतास?"

"रामटेकला. कुठं जाणार! रोज तुझ्या दादाशी भांडतोय, दोघांच्या बाजू मीच बोलून."

"बस. आणि भांडा बघू पुन्हा दोघं. त्या श्लोकावरून. मला सगळं ऐकू दे."

दाजी बसले. प्रथम त्यांनी मामांची बाजू मांडली : तीन जुन्या पोथ्यांत श्लोक नाही, भाषा मागाहूनची आहे, मायेपोटी खोटे ठेवता येत नाही. सिंधूताई डोळे मिटून ऐकत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे आजारपण निवळल्यासारखे दिसत होते. मग दाजींनी स्वतःची बाजू घेतली : लोकांनी जपले ते लोकांचे, त्याला हात लावणारे आपण कोण? ते बोलत होते, बोटे उडवीत होते, चिडतही होते. पण श्वास तोच होता, भार तोच, आवाज तोच.

सिंधूताईंनी डोळे उघडले. "अरे, हाही दादाच बोलतोय. यात तू कुठला?"

दाजींचा हात हवेतच राहिला. त्यांनी पुन्हा तोंड उघडले, दोन शब्द बोलले, आपलेच शब्द ऐकले आणि ते थांबले. इतक्या वर्षांत समोर बसवण्यासाठी त्यांनी मित्र जपला होता. त्याच्यासमोर बसणारा कधी निघून गेला, हे त्यांना कळले नव्हते. "मी... मी कसा बोलायचो, सिंधू?" त्यांनी विचारले, तेही नीळकंठशास्त्र्यांच्याच आवाजात.

हेरंबाला एकदम उमगले. ज्या घरात या माणसाचा विषय एकतीस वर्षे निघाला नव्हता, त्या घरातली दाजींचे बोलणे रोज ऐकलेली एकच व्यक्ती आता उरली होती, आणि तिच्या मनातल्या त्यांच्या मूळ आवाजावर बहुधा एकही पुट चढलेले नसावे. शहनाजनेही ते त्याच क्षणी ओळखले असावे, कारण ती जाळी आणायला धावली होती.

सिंधूताईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "थांब हं. तू बोलताना असा..."

"आई, नको!" हेरंबाने पुढे होऊन तिचे दोन्ही हात धरले. "एवढ्यात आठवू नकोस."