कंठपट्टी क्रमांक एकतीस

सांगलीच्या हळदीच्या सौद्यात आता कुणी घसा फोडून ओरडत नाही. पुकारा करणारा गळ्यात कंठपट्टी बांधतो आणि नुसते ओठ हलवतो. पट्टी गळ्याच्या स्नायूंची हालचाल वाचून त्याच्याच आवाजात भाव पुकारते. मुळात ती आवाज गेलेल्यांसाठी निघाली होती. सौदेवाल्यांनी ती कधी आपलीशी केली, कळलंसुद्धा नाही.

तिची आज्ञावली कुणा कंपनीच्या मालकीची नाही. कुणीही वाचावी, कुणीही सुधारावी अशी ती खुली आहे. पण फुकटच्या कामाला माणसं किती टिकणार? राखणदार उरले दोघेच, सांगलीचा इम्तियाज बागवान आणि नाशिकच्या वसुधाताई कुलथे.

आज्ञावलीत 'अंदाज' नावाचा एक जुना भाग पडून होता. माणूस अर्धं वाक्य बोलला की तो उरलेल्याचा आडाखा बांधायचा, आणि माणसाने आवंढा गिळला की वाक्य संपलं असं धरून ते उच्चारायचा. नव्या पट्ट्यांना त्याची गरज नव्हती. अडगळ म्हणून सोडूनही दिला असता, पण त्यात भगदाड सापडलं. त्या वाटेने शिरून कुणीही चाळीस हजार लोकांच्या तोंडी नको ते शब्द घालू शकला असता.

तरी दवंडीशिवाय काही काढायचं नाही, असा दोघांचा रिवाज होता. काढायच्या भागात एक ओळ घालून ठेवायची; महिनाभरात कुठल्याही पट्टीने तो वापरला, तर ती ओळ 'हजर' म्हणून कळवायची.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. मग दर मिनिटाला येत राहिलं. हजर, कंठपट्टी क्रमांक एकतीस.

इम्तियाजच्या अंगावर काटा आला. ती पट्टी सौद्यात पुकारा करणाऱ्या त्याच्या अब्बांची होती, आणि अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

कारण सापडायला तासभर लागला. दवाखान्यात, गळ्यात पट्टी असतानाच, अब्बा वाक्य अर्धं टाकून गेले होते. "इम्तियाज, तुला एक इचारायचं राह्यलंय..." नोंदीतले हे शब्द त्याने आज पहिल्यांदाच वाचले. आवंढा गिळायला अब्बा उरले नाहीत, आणि दूरच्या सामायिक यंत्रावरचा 'अंदाज' अकरा वर्षं तेच वाक्य पुरं करत बसला.

"तो हिशेब आहे, अब्बा नव्हेत," वसुधाताई फोनवर म्हणाल्या. "माझी सही झालीय. तुझी झाली की भाग निघतो. भगदाड उघडं ठेवता येणार नाही रे."

"ताई, काढला तर ते काय विचारणार होते, हे कायमचंच गेलं की."

"आणि ठेवला तर?"

"ठेवत नाही. वाक्य तेवढं संपू द्या, लगेच सही करतो."

"दुपारपर्यंत," त्या म्हणाल्या.

वाक्य संपायला आवंढा हवा, आणि तोही त्याच पट्टीतून. इम्तियाजने कपाटातून ती काढली, चार्ज केली, स्वतःच्या गळ्याला बांधली. त्याने आवंढा गिळला.

खोलीत अब्बांचा आवाज उमटला, सौद्यात भाव चढवताना लागायचा तसा खणखणीत.

"दारातनं माघारी का गेलास?"

अब्बा गेले त्या दिवशी तो दवाखान्यात पोचला होता. अब्बा भिंतीकडे तोंड करून पडले होते, शब्दांसाठी धडपडत. ते त्याला बघवलं नाही. दारातूनच तो चोरपावलांनी परतला. हे त्याने अम्मीलाही कधी सांगितलं नव्हतं.

"थांबलं बघ 'हजर'," फोनवर वसुधाताई म्हणाल्या. "काय विचारलं रे त्यांनी?"

त्याने गळ्यातली पट्टी सोडली. अब्बांना तो दिसणं शक्य नव्हतं. आणि पट्टी वाचते ती गळ्याची हालचाल, न बोललेल्या शब्दांचीसुद्धा. गळा तर आत्ता त्याचा होता. 'अंदाज'ची उलटतपासणी केली असती तर खरं काय ते कळलं असतं.

इम्तियाजने सही केली. भाग निघून गेला. चाळीस हजार गळे सुरक्षित झाले, आणि तपासायला काहीच उरलं नाही. मग तो प्रश्न अब्बांनी विचारला होता, की त्याचा त्यानेच?