जॅकवेलवरची बदली

माझ्या सहीला परभणी जिल्ह्यात वजन होतं. हे मीच सांगतो, कारण सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही. मोठ्या कारखान्यांना विजेची सरकारी तपासणी सक्तीची होती आणि ती मी करायचो. घेतलेली वीज कुठे कुठे खपली, हेही आम्ही लिहून मागायचो. वीस वर्षांत कोणाच्या सांगण्यावरून मी अहवालातला एक शब्द बदलला नाही. तुम्हाला ही फुशारकी वाटेल. वाटू द्या.

शहाऐंशीच्या मे महिन्यात गोदाकाठच्या एका साखर कारखान्यावर गेलो होतो. नाव विचारू नका. हंगाम संपला होता, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या होत्या. मानवतहून एसटीने आलो तेव्हा रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. भर बारा वाजता कारखान्यातली सगळी बटणं बंद करायची आणि मीटरच्या चकत्या थांबतात का ते पाहायचं, एवढंच काम होतं.

सगळं बंद केलं. पंखेसुद्धा थांबले. शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू यावा अशी शांतता झाली. सोळा मीटर थांबले. सतरावा फिरतच होता. त्याच्यावर खडूने लिहिलं होतं, 'जुनी जॅकवेल'.

"कारखान्याला पाणी उपसायची नदीकाठची विहीर आहे ती, साहेब," चीफ इंजिनिअर म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीच्या पुरात गेली. पंप काढून आणला. आता तिथे नुसता काँक्रीटचा ओटा आहे."

मी स्विच पाडला. चकती फिरत राहिली. मग स्वतःच्या हाताने केबल सोडवून बाजूला केली. तरीही फिरत राहिली. खोलीत ओल्या गाळाचा वास यायला लागला होता, पूर ओसरलेल्या घरात येतो तसा. घड्याळ लावून फेरे मोजले. दहा हॉर्सपॉवरचा भार, म्हणजे एका पंपाइतका.

"मीटर सदोष... असं लिहून टाका ना," चीफ इंजिनिअर पुटपुटले.

लिहिलंही असतं मी. पण तेवढ्यात चकती मंदावली, जरा वेळ तशीच राहिली आणि पुन्हा वेगात आली. थोड्या वेळाने परत तेच. नदीच्या पाण्यात गाळ आला की जाणता चालक व्हॉल्व्ह हलक्या हाताने आवळतो आणि पाणी निवळलं की सोडतो. वाऱ्यावर सोडून दिलेला पंप असा चालत नसतो. तिथे कोणीतरी बसलेलं होतं.

कोपऱ्यात कडूबाई माठ भरत होती. ती राणीसावरगावची, कारखान्यात झाडलोट करायची. तिने मीटरकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

"फिरायलीय ना चाकी, सायेब? दोन साल झालं फिरायलीय."

"तिथे कोण आहे?"

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. नवऱ्याचं नाव कसं घेणार! चीफ इंजिनिअरनेच सांगितलं. "सटवाजी. हिचा नवरा, पंपचालक होता. पुरात पंप सोडून पळाला आणि वाटेत वाहून गेला. चौकशीत तसं ठरलंय."

"न्हाई!" कडूबाईने माठावर झाकण आदळलं. "बदलीचा मानूस आल्याबिगर आमचे मालक जागचे हलले न्हाईत कदी. जानारा म्हनतो, पंप दिला. येनारा मोटारीवर हात ठिवून म्हनतो, घेतला. त्याबिगर उठायचंच न्हाई, अशी रीत हाय तितली. त्या दिवशी बदलीवाला आलाच न्हाई. घेतला म्हनायला कोन गेलं तितं? मग ते कसे उठतील, सायेब?"

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माज्या पंचफुलाला गावात पळपुट्याची लेक म्हनायलेत. पळाले न्हाईत, येवढं लिवा. मला दुसरं काई नगं."

मी पेन काढलं. 'जुनी जॅकवेल: दहा हॉर्सपॉवरचा भार चालू. भाराच्या चढउतारावरून चालक जागेवर हजर असल्याचे दिसते.' सही केली, शिक्का मारला. चीफ इंजिनिअर लय अडून बसले, पण चकती त्यांच्या डोळ्यांदेखत फिरत होती. त्यांनाही सही करावी लागली. जन्मभर अहवाल लिहिले मी. अजून छाती भरून येते ती त्या दोन वाक्यांनी.

कडूबाईला ते वाचून दाखवलं. ती रडली नाही. ताठ मानेने ऐकून म्हणाली, "आनिक एकदा वाचा."

मग ती उन्हातच नदीकडे निघाली. मीही मागोमाग गेलो. जॅकवेल कोरडी ठाक होती. रिकाम्या ओट्यावर तिने तळहात टेकवला.

"द्या आता," ती हळूच म्हणाली. "लय बसलात... घेतला."

पायाखालची थरथर थांबली. थरथर होती, हे मला ती थांबल्यावरच कळलं. परत येऊन पाहतो तर सतरावा मीटर गप्प होता.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा त्या कारखान्यावर गेलो. अहवालाची नक्कल गावच्या चावडीवर वाचली होती म्हणे, आणि आता पंचफुलाला कोणी काही बोलत नव्हतं. हे कडूबाईच्या तोंडून ऐकावं म्हणून मी तिची चौकशी केली.

"ती आषाढातच वारली, साहेब," चीफ इंजिनिअर म्हणाले.

बारा वाजता सगळं बंद केलं. सतरावा मीटर फिरत होता. या खेपेला मीटर सदोष लिहा, असं कोणी म्हणालं नाही. कोणी माझ्याकडे बघतही नव्हतं.

मी एकटाच जॅकवेलवर गेलो. ओटा नुकताच झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता. हात लावायची हिंमत झाली नाही. वाकून नुसता बघत उभा राहिलो. तेव्हा अगदी माझ्या कानाशी, अदबीने कोणीतरी विचारलं,

"बदलीवर... तुमी आलात का, सायेब?"