दर्शनच्या हातांचा वास

"हात दाखव!"

ताटाकडे गेलेला हात दर्शनने झटकन मागे घेतला, पण दीपालीने तो धरलाच... नखांच्या कडांना काळी रेघ, आणि साबणाखालूनही येणारा डिझेलचा तो उग्र वास!

"वर्कशॉप होतं, आई."

"रविवारी?"

त्याने ताट पुढे ओढलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेल्यापासून तो असंच उत्तर टाळत असे.

हा वास तिने एका माणसाच्या कपड्यांतून वर्षानुवर्षं धुतला होता. लाँचची इंजिनं दुरुस्त करणारा तिचा नवरा अनिल, दर्शन दुसरीत असताना मुंबईला दुसरा संसार मांडायला निघून गेला होता. मागे तिने ब्लाऊज शिवून पोराला वाढवलं. अनिल एकटाच परत आलाय, ही कुजबुज गणपतीत तिच्या कानावर आली, आणि तेव्हापासून मुलाचा प्रत्येक शब्द ती टाक्याटाक्याने उसवून बघत होती...

पुढच्या रविवारी ती त्याच्या मागोमाग मिरकरवाडा बंदरावर गेली. बंदराच्या टोकाला पत्र्याची शेड. आत चालू इंजिनावर हात ठेवून, डोळे मिटून उभा असलेला पांढऱ्या केसांचा माणूस... अनिल! शेजारी दर्शन.

"घाई करू नको. कान दे. कुठचा सिलिंडर अडखळतोय?"

"तिसरा!"

"म्हणजे हे तुझं शिक्षण?" दीपाली किंचाळली. "मी रक्ताचं पाणी केलं, आणि तू ह्यांच्या पायाशी?"

"मी बोलावलं नाय त्याला, दीपा," अनिल खाली बघत म्हणाला. "तोच शोधत आला."

दर्शनचा बांध फुटला. "कॉलेजात पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, पुढे काय करणार? सगळे सॉफ्टवेअर म्हणाले, परदेश म्हणाले. मी म्हणालो, लाँचची इंजिनं बनवणार, कमी डिझेल खाणारी. घरी सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

बापावर गेलास! हेच म्हणाली असती ती... लहानपणी त्याने तिचं शिलाई मशीन उघडलं, तेव्हा तिने हातावर चापट मारली होती ती मशीनसाठी नव्हे. पोराच्या आवडीतही तिला तोच पळून गेलेला माणूस दिसला होता! इतकी वर्षं ती संशय घेत आली होती, तो ह्या निरागस हातांवर...

ती अनिलकडे वळली.

"शिकवा त्याला. येतं ते सगळं शिकवा. फक्त निघून जायचं तेवढं शिकवू नका!"

अनिलने मान खाली घातली. ती पुन्हा वर उचललीच नाही.

"आणि तू, मेल्या," ती दर्शनला म्हणाली, "पुन्हा माझ्याशी खोटं बोललास तर बघ. पुढच्या रविवारी सांगून यायचं. आणि डबा घेऊन यायचा..."

पदराने तिने डोळे पुसले.

"दोघांचा देईन."