विरोध असेल त्यानंच ओळख करून द्यायची

"ह्या माणसाला बोलावणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का?"

विद्यापीठाच्या कॅन्टीनबाहेर स्टुलावर चढून मी पोस्टर लावत होते. खाली पाहिलं. पावसानं भिजलेला शर्ट, चष्म्यावर थेंब, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर.

"ते डोकं माझंच आहे," मी म्हटलं. "जरा टाचणी द्या."

त्यानं मुकाट्यानं टाचणी दिली. मग म्हणाला, "माझा ह्या व्याख्यानाला विरोध आहे. ह्या लेखकानं पुस्तकभर आमच्या धर्माची टिंगल केलीय. प्रार्थना करणारे म्हणे भित्रे!"

"वा! मग पाहुण्यांची ओळख तुम्हीच करून द्यायची."

टाचण्यांचा डबा त्याच्या हातातून धाडकन पडला.

मी व्याख्यान मंडळाची सचिव, आणि ही आमची जुनी रीत. ज्याचा पाहुण्याला सगळ्यात जास्त विरोध, त्यानंच ओळख करून द्यायची. तो उभा राहिला नाही, तर व्याख्यान रद्द. रीत घातली माझ्या बाबांनी, ते इथेच इतिहास शिकवायचे. "ओळख करून द्यायची तर माणूस आधी नीट बघावा लागतो," ते म्हणायचे. "मग खुशाल विरोध करा."

"मी त्याचं कौतुक करू? आईला काय तोंड दाखवू?" तो टाचण्या वेचत म्हणाला.

"कौतुक नको. खरं असेल तेवढंच सांगा."

नकार देऊन व्याख्यान बंद पाडणं त्याला सोपं होतं, पण सगळ्यांसमोर खरं सांगायची संधी त्याला सोडवेना. त्या दिवसापासून आम्ही रोज वाचनालयात लेखकाची पुस्तकं घेऊन बसू लागलो. मी त्याचं नाव ठेवलं नकारघंटा. प्रत्येक पानाला त्याचं "छे!" ठरलेलं.

"तुम्ही कशाला बसता रोज?" एकदा त्यानं विचारलं.

"तुम्ही पळून जाऊ नये म्हणून."

"मी पळणारा वाटतो?"

चष्मा पुसायला काढला होता त्यानं... आणि मी बघतच राहिले. "नाही," मी कशीबशी म्हणाले. बाई गं, काय डोळे होते!

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह खचाखच भरलेलं. बाबाही आले होते. नकारघंटा माइकसमोर उभा राहिला.

"ह्यांचं म्हणणं मला पटत नाही," तो म्हणाला. "माझी आई रोज प्रार्थना करते, आणि तिच्याइतकी धीट बाई मी पाहिलेली नाही. पण ह्यांचे वडील आजारी होते, तेव्हा हे त्यांना रोज हात धरून प्रार्थनेला घेऊन जायचे आणि स्वतः बाहेर पायरीवर थांबायचे. हे मी ह्यांच्याच पुस्तकात वाचलं. त्या पायरीवरच्या माणसाचं मी ऐकणार आहे. तुम्हीही ऐका. भांडण नंतर करू."

नंतर प्रश्नोत्तरांत तो कडाकडा भांडलासुद्धा. पाहुणे चिडले, हसले, पुन्हा चिडले. मला मात्र त्याच्याशिवाय कोणी दिसेना.

सगळे गेल्यावर आम्ही खुर्च्या आवरत होतो.

"माझा अजून एक विरोध आहे," तो म्हणाला.

"आता कशाला?"

"तुला... अहो-जाहो करायला."

मी खुर्ची तशीच धरून उभी. "मग नको करूस," मी म्हणाले. "मला आवडतोस तू."

"मलाही तू... स्टुलावर होतीस ना, तेव्हापासून."

पुढे तो घरी आला, पुन्हा पुन्हा आला. पण लग्नाचं काढलं आणि बाबांचा चेहराच बदलला.

"मित्र म्हणून रोज येऊ दे. पण जावई? धर्म वेगळा गं त्याचा. ताईला मी काय सांगू?"

ताई म्हणजे माझी आत्या, बाबांची मोठी बहीण. तिच्या शब्दाशिवाय आमच्या घरात पान हलत नाही. मला रडूच आलं. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, आणि स्वतःच्या घरी हे?

"बाबा, विरोध सगळ्यात जास्त कोणाचा?" मी डोळे पुसत विचारलं. "रविवारी आत्या येतेय. त्याची ओळख तुम्हीच करून द्यायची."

बाबा उठून आपल्या खोलीत गेले.

रविवारी आत्या ऐटीत सोफ्यावर बसली. समोर तो, हात मांडीवर घट्ट. बाबा उठून उभे राहिले, सभागृहात राहायचे तसे.

"ताई, ह्याचा धर्म वेगळा आहे. मला ते जड जातंय, खोटं कशाला बोलू?" त्यांनी घसा खाकरला. "पण हा पहिल्यांदा आला तेव्हा आमची प्रार्थना चालू होती. ह्यानं बेल वाजवली नाही. मी दार उघडलं, तर हा पायरीवर बसलेला, पावसात, अर्धा भिजलेला. म्हणाला, तुमचं होऊ दे सावकाश." बाबांनी आत्याकडे पाहिलं. "मला इतकं लाजल्यासारखं झालं, ताई. आपल्या जावयाला असं बाहेर..."

ते थांबले.

आत्यानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"जावई म्हणालास ना?" ती म्हणाली. "मग त्याला आत नीट बसायला सांग की. बिचारा किती अवघडून बसलाय!"