खिशातला डावा हात

मी जिन्याच्या मधोमध असताना दिवे गेले. खिडकी नसलेला जिना, भर दुपारी मिट्ट काळोख… आणि त्या काळोखात अगदी जवळून एक आवाज आला, "हलू नका. पुढच्या पायरीवर माझी हत्यारांची पेटी आहे."

मी भिंतीला चिकटले. मग टॉर्च लागला, तो त्याने दातांत धरला होता. उजवा हात फ्यूजच्या डब्यात आणि डावा… डावा चक्क पँटच्या खिशात. जसा काही बागेत फेरी मारायला आलाय.

दिवे आले. मी धीर करून विचारलं, खिशात एवढं काय जपताय?

"भीती," तो म्हणाला. "कामाच्या वेळी ती तिथेच ठेवतो. बाहेर काढली की हात थरथरतो."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्या खिशाचा अर्थ मला ठाऊक होता. दोन्ही हात लागले तर वीज छातीतून जाते, म्हणून जुने वायरमन एक हात बाजूला ठेवतात. माझे बाबाही ठेवायचे. एकदाच विसरले. कुठल्याच नकाशात नसलेल्या एका तारेने त्यांना धरलं आणि तेव्हापासून त्यांच्या उजव्या हाताची मूठ मिटत नाही. जीव वाचला, देवानेच राखलं म्हणायचं. पण त्या दिवसापासून मी मेन स्विचला हात लावलेला नाही, आणि मनाशी गाठ मारली आहे की काहीही झालं तरी वायरमनशी लग्न करायचं नाही.

आणि नशीब बघा, एका ठेकेदाराच्या ऑफिसात घरांच्या वायरिंगचे नकाशे काढणं हेच माझं काम. जिन्यातला तो, आमचाच नवा वायरमन निघाला.

त्याच महिन्यात साहेबांनी सांगितलं, हाताने नकाशे काढणं बंद. सॉफ्टवेअर तू निवड. दोन सॉफ्टवेअर तीस दिवस वापरून बघायला मिळाली होती. पहिलं देखणं. रेघा आपोआप सरळ व्हायच्या, दिव्याच्या चित्रावर टिचकी मारली की तो पिवळा उजळायचा. दुसरं राखाडी आणि कटकट करणारं. प्रत्येक तारेला विचारायचं, "हिचं दुसरं टोक कुठे?" उत्तर दिल्याशिवाय नकाशा छापू द्यायचं नाही.

त्याने त्यांची बारशी करून टाकली, नवरी आणि सासू. आणि रोज संध्याकाळी माझ्या टेबलाला टेकून सासूची वकिली करायचा.

"नवरी गोड बोलते," तो म्हणाला. "सासू खोदून विचारते. तारांच्या घरात खोदून विचारणारं माणूस बरं."

लग्नाचा बराच अनुभव दिसतोय, मी टोमणा मारला.

"छे. मला अजून कुणी विचारलंच नाही… दुसरं टोक कुठे म्हणून."

माझे कान तापले. मी पडद्याकडे बघत राहिले. त्याचं म्हणणं मला पटत होतं, तोही पटत होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. मग हट्टाने मी नवरीच निवडली.

पहिलं घर एका निवृत्त बाईंचं, दुमजली. मोजमापं आम्ही दोघांनी घेतली. तो टेप धरायचा, मी लिहायचे. टेपच्या टोकाशी बोटं एकदा लागली… दोघांनीही लागली नाहीत असं दाखवलं. खालच्या न्हाणीघरातला गिझर वरच्या मजल्याच्या मीटरवर होता, कुणी कधी जोडला देव जाणे. मी कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, "सांभाळून. मीटर दोन आहेत." मोजमापं उतरवून झाल्यावर तो कागद त्याने बघायला म्हणून घेतला आणि पुन्हा दिलाच नाही. हरवला म्हणाला.

नवरीत एका घराला एकच मीटर दाखवता येई. मी गिझरची तार त्याच मीटरला जोडली. खाली टीप लिहू म्हटलं. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, टीप राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच छापील नकाशा घेऊन तो गेला. गिझर उतरवायला.

अकराच्या सुमारास मी सासू उघडली. तिची मुदत त्या दिवशी संपत होती. सहज म्हणून तेच घर तिच्यात भरत बसले. गिझरपाशी येऊन ती थांबली.

हिचं दुसरं टोक कुठे?

माझ्या पायाखालची जमीन सरकली. खालचं मेन बंद करून तो गिझर सोडायला बसला असेल, आणि तार तर वरून जिवंत…

फोन वाजत राहिला. कामावर असताना तो फोन पेटीत टाकतो, मला माहीत होतं. ते घर तीन गल्ल्या पलीकडे. मी धावले. चपलेचा अंगठा तुटला, तशीच धावले. माणूस खरा घाबरला की त्याची प्रार्थना फार लहान होते. माझी दोनच शब्दांची होती, देवा, नको. डोळ्यांपुढे बाबांची न मिटणारी मूठ.

बाईंनी दार उघडलं. म्हणाल्या, आतच आहेत, मघाशी काहीतरी पडल्याचा आवाज आला बाई.

मी न्हाणीघराकडे वळले नाही. जिना चढून वर गेले. वरचा मेन स्विच काळा, जाड, बाबांच्या काळातला… माझा उजवा हात उचलला गेला आणि डावा, माझ्याही नकळत, पाठीमागे गेला. खटका खाली ओढला.

मग खाली. न्हाणीघराचं दार लोटलं.

तो भिंतीला टेकून बसला होता. पान्हा फरशीवर पडलेला, हातात टेस्टर, चेहरा पांढराफटक. पण डोळे उघडे होते. ते माझ्याकडे वळले.

"टेस्टर आत्ता विझला," तो म्हणाला. "वरून तू बंद केलंस?"

मी मान हलवली. अहो-जाहो कुठे गळून पडलं ते दोघांनाही कळलं नव्हतं. माझीच चूक, टीप राहिली, नवरीत एकच मीटर… मी काय काय बडबडले. त्याने ऐकून घेतलं. मग सांगितलं की रोज तो टेस्टर लावतो, पण आज नकाशा माझ्या हातचा, दुसरं मीटर डोक्यातून गेलेलं, म्हणून लावणारच नव्हता. पान्हा उचललासुद्धा होता.

"मग?"

त्याने डावा हात खिशातून काढला. मुठीत चौकोनी घडीचा कागद होता, घामाने मऊ झालेला. कोपऱ्यात माझं अक्षर. सांभाळून. मीटर दोन आहेत.

"हा बोटांना लागला," तो म्हणाला. "हरवला नव्हता. तुझ्या हातचं 'सांभाळून' होतं त्यात… परत कसं देऊ? मग पान्हा काखेत धरून टेस्टर लावला, तर पेटला. पान्हा काखेतून सुटला तो तेव्हाच."

त्याचा हात थरथरत होता. मी खाली बसले आणि तो माझ्या दोन्ही हातांत घेतला.

"भीती बाहेर काढलीस?" मी विचारलं.

"एकट्याने सांभाळायला जड झाली."

"मीही घाबरट आहे. रोज संध्याकाळी दारात उभी राहीन. दहा वेळा विचारीन, टेस्टर लावला होतास का."

"म्हणजे सासूच की."

"सासूच," मी म्हटलं. "आज साहेबांना सांगते, तीच घ्यायची. आणि बाबांना… बाबांना सांगते, जावई वायरमनच."

बाहेर बाई विचारत होत्या की वरचा पंखा का बंद पडला. आम्हा दोघांपैकी कुणालाच उठवत नव्हतं.